‘माही साडी तं हिरवी होती!’

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. 25 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर हा हिंसाविरोधी पंधरवडा जवळ आला की दरवर्षी होते, तीच. पोस्टर कोणतं करायचं, घोषणा काय घ्यायची, छपाईचे पैसे कुठून उभे करायचे. यंदा एका उत्साही मैत्रिणीने चार फोटो मोठे करून आणले होते. सगळे कृष्णधवल. एकात खिडकीच्या गजांमागे अर्धा चेहरा, अर्धा अंधारात. एकात सुरकुतलेले दोन हात आणि फुटकी बांगडी. एकात भिंतीकडे तोंड करून बसलेली पाठमोरी बाई. चौथा फोटो टेबलावर आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. दारातून येणारा तिरपा उजेड, डोक्यावर पदर, शून्यात नजर, हातात नवऱ्याची हार घातलेली तसबीर. “इंटरनेटवर मिळाला,” मैत्रीण म्हणाली, “काय बोलका चेहरा आहे बघा! खाली लिहायचं, ‘मार खाणं हे तिचं नशीब नाही.’ बस्स.”

ती बाई माझ्या ओळखीची होती. तो फोटो मीच काढवून घेतला होता.

2015 सालची गोष्ट. एम.एस.डब्ल्यू. होऊन मला दीडेक वर्ष झालं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यात एका संस्थेच्या प्रकल्पावर मी काम करत होते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जायचं, कागदपत्रं जमवायची, प्रकरण ‘पात्र’ ठरलं की ‘अपात्र’ ते बघायचं, वारस-नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालायचे, असं काम. पात्र ठरलं तर सरकारचे एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. या कामात भेटलेल्या एका बाईंना मी वहिनी म्हणायचे. (हे संबोधनही नवऱ्यावरूनच आलेलं, हे कळतं मला. पण गावात तेच चालायचं आणि अजूनही तेच चालतं.) संस्थेच्या वार्षिक अहवालासाठी शहरातून छायाचित्रकार आला. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून दुभाषी मी.

वहिनींच्या घराची भिंत निळीच्या चुन्याने सारवलेली होती. अंगणात पऱ्हाटीचा ढीग, एक लाल प्लॅस्टिकची बादली. वहिनींनी फोटो काढणार म्हणून ठेवणीतली साडी नेसली होती. हिरवीगार, तिच्यावर बारीक पिवळी फुलं. छायाचित्रकार म्हणाला, उन्हात नको, दाराच्या आत बसवा, उजेड एका बाजूने यायला हवा. नवऱ्याचा फोटो आहे का? हातात द्या. पदर डोक्यावर घ्यायला सांगा. कॅमेऱ्याकडे नको, बाहेर बघायला सांगा. भिंतीवर मोबाईल चार्जिंगला लावला होता, तो काढा. मुलगा मागे उभा राहून लाजत हसत होता, त्याला म्हणा हसू नको. हे सगळं मी मराठीत सांगत गेले. एवढंच नाही, पदर नीट बसत नव्हता तो माझ्या हातांनी सारखा केला. संमतीपत्रावर सही घेतली. संमतीपत्र इंग्रजीत होतं. एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्याच वर्षी व्यक्तिसहाय्य कार्याच्या तासाला ‘स्वयंनिर्णयाचा हक्क’ आणि ‘गोपनीयता’ ही दोन तत्त्वं मी घोकून पाठ केली होती आणि परीक्षेत त्यावर बऱ्यापैकी गुणही मिळवले होते!

सहा महिन्यांनी अहवाल आला. मुखपृष्ठावर वहिनी. मी कौतुकाने प्रत घेऊन गेले. त्यांनी बराच वेळ बघितलं.

“हे कोन?”

“तुम्हीच की, वहिनी.”

“माही साडी तं हिरवी होती. हे काऊन असं राखेवानी केलं?” आणि मग थोड्या वेळाने, “अन् मी काही इतकी बुढी नाही झालो अजून.”

मी त्यांना काहीतरी समजावलं. कला, परिणाम, असलंच काहीतरी. त्यांनी चहा केला. प्रत धान्याच्या कोठीवर ठेवून दिली.

गोष्ट इथेच संपली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. चार एकर जमिनीवर नाव लागावं म्हणून वहिनींचं दिराशी भांडण चालू होतं. तो अहवाल त्याच्या हाती लागला. त्याने गावभर केलं की ही मेलेल्या भावाचा फोटो धरून बाहेरच्या लोकांकडून लाखाने पैसे घेते. कुणी विश्वास ठेवला, कुणी नाही. पण बचत गटाच्या बायकासुद्धा तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागल्या. ते निस्तरायला वहिनींना दोन वर्षं लागली आणि त्यात आमच्या संस्थेची काडीचीही मदत झाली नाही. मी तोवर नोकरी बदलून मोकळी झाले होते.

तेव्हापासून कृष्णधवल फोटो दिसला की मला आधी साडीचा रंग विचारावासा वाटतो.

ज्या फोटोकडे बघून जगभरचे छायाचित्रकार ‘दुःखी आई’ काढायला शिकले, त्याची हकिगत मी त्यानंतर मुद्दाम शोधून वाचली. 1936 सालचा मार्च महिना. अमेरिका मंदीत होरपळत होती. डोरोथिया लँग ही छायाचित्रकार सरकारच्या पुनर्वसन खात्यासाठी काम करत होती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ती एका पायाने लंगडत चालायची. कॅलिफोर्नियात निपोमो नावाच्या गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला रस्त्यात दिसली. ती पुढे निघून गेली, वीसेक मैल गेल्यावर राहवलं नाही म्हणून गाडी वळवून परत आली. थंडीने वाटाण्याचं पीक गेलं होतं. एका फाटक्या राहुटीत एक बाई मुलांना घेऊन बसली होती. लँगने दहाएक मिनिटांत काही फोटो काढले. आधी लांबून, मग जवळ जवळ जात. शेवटच्या फोटोत दोन मुलांनी आईच्या खांद्याआड तोंड लपवलं आहे, मांडीवर तान्हं आहे, आईचा हात गालाशी आहे आणि ती कुठेतरी दूर बघते आहे. हाच तो ‘स्थलांतरित माता’ म्हणून गाजलेला फोटो. लँगने बाईचं नाव विचारलं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात बातमी आणि फोटो आले. काही दिवसांतच त्या तळावर वीस हजार पौंड, म्हणजे नऊ हजार किलो अन्नधान्य पोचलं. फोटोने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मात्र तोपर्यंत ती बाई मुलांना घेऊन दुसऱ्या कामावर निघून गेली होती.

तिचं नाव जगाला कळायला 1978 साल उजाडावं लागलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ती चेरोकी या आदिवासी जमातीची होती. चाळीस-बेचाळीस वर्षं अमेरिका तिला गोऱ्या निर्वासित शेतकऱ्याची बायको समजत आली होती. ती कापूस वेचायची. पहाटे दिसायच्या आत शेतावर आणि डोळ्यांना दिसेनासं झाल्यावर घरी. (यवतमाळच्या कुणाही वेचणीवालीला हे वेगळं सांगायला नको.) एक नवरा क्षयाने गेलेला, पदरी मुलं, तरी तिने सगळी वाढवली. फोटोबद्दल तिचं म्हणणं स्पष्ट होतं : तो काढलाच नसता तर बरं झालं असतं. त्यातून आपल्याला एक पैसा मिळाला नाही, नाव कुणी विचारलं नाही, प्रत पाठवते म्हणाली तीही पाठवली नाही. तिची मुलगी कॅथरीन, त्याच फोटोत आईच्या खांद्याआड तोंड लपवलेल्या दोघींपैकी एक, 2008 साली एका मुलाखतीत म्हणाली की आम्हाला त्या फोटोची लाज वाटायची.

लँगला खलनायिका करायचा माझा हेतू नाही. तिला सरकारी पगार होता, फोटो सरकारचा होता, त्याच्या विक्रीवर तिलाही हक्क नव्हता. पुढे 1960 साली तिने लिहिलं आहे की त्या बाईला जणू कळलं होतं, या फोटोंनी आपल्याला मदत होईल, म्हणून तिने मला मदत केली, त्यात एक प्रकारची बरोबरी होती. हे तिने मनापासून लिहिलं असणार. मीही 2015 साली कुणी विचारलं असतं तर वहिनींबद्दल अगदी हेच सांगितलं असतं. बरोबरी आहे, असं नेहमी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला उभं असलेल्यालाच का वाटतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणखी एक तपशील. त्या फोटोत उजवीकडे खालच्या कोपऱ्यात बाईचा अंगठा दिसत होता, राहुटीच्या खांबाला धरलेला. लँगला तो खुपत होता. दोन-तीन वर्षांनी तिने निगेटिव्हवर काम करवून तो पुसून टाकला. तिच्या वरिष्ठांना, रॉय स्ट्रायकर यांना, हे आवडलं नव्हतं. अंगठा पुसल्यावर चित्र रेखीव झालं, यात शंका नाही. मला मात्र त्या अंगठ्यावरून भिंतीवरचा मोबाईल आठवतो. त्या माउलीने राहुटीचा खांब धरला होता. वहिनींच्या मोबाईलमध्ये बियाणांच्या दुकानदाराचा, तलाठ्याचा आणि माझा नंबर होता. प्रतीक व्हायचं असेल तर बाईने कशाला धरून असता कामा नये, असं दिसतं.

आता कृष्णधवल रंगाविषयी. आपल्याकडे एक गोड समजूत आहे की काळा-पांढरा फोटो म्हणजे ‘खरा’ आणि रंगीत म्हणजे लग्नाचा, जाहिरातीचा, सिनेमाचा. 1936 साली लँगसमोर फारसा पर्यायच नव्हता. रंगीत फिल्म नुकती बाजारात येत होती आणि वर्तमानपत्रं छापायची ती काळ्या शाईतच. याच सरकारी उपक्रमात पावणेदोन लाखांच्या आसपास कृष्णधवल निगेटिव्ह जमल्या. परंतु 1939 नंतर त्याच चमूतल्या रसेल ली, जॅक डेलानो, मेरियन पोस्ट वोलकॉट यांनी काही रंगीत फोटोही काढले, सोळाशेच्या आसपास. ते पाहिल्यावर मी चमकले. तीच गरिबी, तीच शेतं, तेच मजूर, पण आकाश निळं, झगे लाल, मातीला मातीचा रंग! माणसं एकदम शेजारच्या गल्लीतली वाटायला लागतात. त्यांची दया येत नाही, त्यांच्याशी बोलावंसं वाटतं.

करडा रंग काय करतो? तो गोंगाट काढून टाकतो. लाल बादली, पिवळी फुलं, निळी भिंत हे सगळं मागे सरतं आणि डोळा थेट चेहऱ्याच्या रेषांवर, हातांवर, उजेड-अंधाराच्या सीमेवर जातो. ही ताकद खोटी नाही आणि तिचा मोह मलाही होतो. एका बाजूने उजेड आला की अर्धा चेहरा काळोखात जातो आणि बघणाऱ्याला आपोआप ‘हिच्या आयुष्यात अंधार आहे’ असं वाटतं. खरं तर अंधार घराला खिडकी नसल्यामुळे असतो. नजर बाहेर वळली की ‘वाट पाहणारी’, खाली गेली की ‘सोसणारी’, सरळ आली तर ‘धीट’. पदर डोक्यावर म्हणजे ‘परंपरा’. हे सगळं आपण इतक्या सवयीने वाचतो की वाचतो आहोत हेही कळत नाही.

पण रंगाबरोबर करडा रंग आणखी एक गोष्ट काढून टाकतो, ती म्हणजे काळ. वहिनींचा फोटो 2015 चा की 1936 चा की 1972 च्या दुष्काळातला, सांगता येणार नाही. समीक्षक याला ‘कालातीत’ म्हणतात आणि ती स्तुती असते. मला ही स्तुती वाटत नाही. वहिनींच्या दुःखाला तारीख होती. त्या वर्षीचा कापसाचा भाव होता, सावकाराचं व्याज होतं, बँकेने न दिलेलं पीककर्ज होतं. दुःख कालातीत केलं की ते कुणाचंच पाप राहत नाही. मग ते बाईच्या जातीलाच पुजलेलं ठरतं. हेच ना आपल्याला खोडून काढायचं होतं?

आणि आज तर कॅमेरा फोटो रंगीतच काढतो. करडा रंग नंतर संगणकावर दिला जातो. म्हणजे कुणीतरी बसून ठरवतं की हिचा हिरवा रंग काढायचा. आमच्या तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्याकडे मी एकदा मुद्दाम तासभर बसले. मुलीचा लग्नाच्या परिचयपत्रासाठी फोटो आला की तो तिला दोन छटा गोरी करतो. कुठल्या संस्थेचं काम आलं की तोच, त्याच संगणकावर, बाईला दोन छटा काळी करतो, सुरकुत्या ठळक करतो. “गिऱ्हाइकाला जसं पाहिजे तसं, म्याडम,” तो म्हणाला. सासरला गोरी हवी, देणगीदाराला काळी. मधली, आहे त्या रंगाची बाई कुणालाच नको.

बैठकीत मी हे सगळं बोलले तेव्हा आमच्यातल्या एक ज्येष्ठ ताई चिडल्या. त्यांचं म्हणणं असं : “तू फार बारीक कातते आहेस. लोक वाचत नाहीत, बघतात. चेहरा नसेल तर कुणाला पाझर फुटत नाही. एका बाईची थोडी गैरसोय झाली, पण शंभरजणींचं भलं झालं तर?” हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निपोमोला अन्न पोचलं, ते फोटोमुळेच पोचलं. 1983 साली फ्लॉरेन्स थॉम्पसन आजारी पडली, उपचाराला पैसे नव्हते, तेव्हा ‘ती माता’ म्हणूनच लोकांनी पस्तीस हजार डॉलर्सच्या आसपास मदत पाठवली. पत्रं वाचून तिच्या मुलांचंही त्या फोटोबद्दलचं मत थोडं निवळलं. त्याच वर्षी ती वारली. तिच्या थडग्यावरही ‘स्थलांतरित माता’ हेच लिहिलं आहे.

तरीही मी ताईंना एक आठवण करून दिली, आणि ती त्यांच्याच पिढीची होती. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरावर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं, 1979 साली चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं आणि 1980 साली देशभर बायका रस्त्यावर आल्या. आपल्या चळवळीचा हा पाया. ज्यांनी मोर्चे काढले त्यांतल्या किती जणींनी मथुराचा चेहरा पाहिला होता? चेहरा नव्हता, निकालपत्रातली वाक्यं होती आणि ती पुरेशी होती. त्या लढ्यातून 1983 साली कायदा बदलला आणि पीडित स्त्रीची ओळख छापण्यावर बंदी घालणारं 228अ हे कलम आलं. आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 72 व्या कलमात आहे.

जाता जाता, या बंदीचंही आपण काय करून ठेवलं आहे ते बघा. कायदा म्हणतो ओळख लपवा. बाईची मान खाली घाला, तोंड ओंजळीत लपवा, कोपऱ्यात बसवा, असं कायदा म्हणत नाही. पण बलात्काराची बातमी आली की वर्तमानपत्रात हटकून तेच सावलीचं चित्र असतं. शरमेने वाकलेली बाई, तिच्यावर पडलेली पुरुषाच्या पंजाची सावली. ओळख लपवायला बंद दाराचं चित्र चालेल, रिकाम्या खुर्चीचं चालेल. लाज काढायची हौस कशाला?

मग फोटो काढायचेच नाहीत का? नाही, असं मी म्हणत नाही. आपल्याच चळवळीतलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. दिल्लीच्या शीबा छाछी 1980 पासून तिथल्या स्त्रीचळवळीचे फोटो काढत होत्या. हुंडाविरोधी मोर्चे, धरणी, उंचावलेल्या मुठी. त्या स्वतः चळवळीतल्याच. तरी काही वर्षांनी त्यांना हे फोटो अपुरे वाटू लागले. मोर्चातली बाई फोटोत कायमची ओरडतच राहते, तिचं बाकीचं आयुष्य कुठे जातं? म्हणून 1990-91 च्या सुमारास त्यांनी सात मैत्रिणींना, सात कार्यकर्त्यांना विचारलं : तुमचा फोटो कसा काढू? कुठे बसाल, काय जवळ ठेवाल, कशा दिसाल? जागा, वस्तू, पवित्रा त्या बायकांनी ठरवला. त्यांत शाहजहाँ आपा होत्या, सत्यराणी चढ्ढा होत्या. दोघींच्याही मुली सासरी जळून गेलेल्या आणि दोघी त्यानंतर दुसऱ्यांच्या मुलींसाठी उभ्या राहिलेल्या. सत्यराणींनी जागा निवडली सर्वोच्च न्यायालयाची. त्यांच्या खटल्यात जावयाला शिक्षा झाली ती 2000 साली, मुलगी गेल्यावर एकवीस वर्षांनी. न्यायालय ही त्या बाईची रोजची जागा होती, स्वयंपाकघरासारखी! दुसऱ्या कुणी त्यांच्यासाठी प्रतीक शोधलं असतं तर जळकी साडी शोधली असती.

आणि हे सगळे फोटो कृष्णधवलच आहेत. म्हणजे करड्या रंगावर माझा राग आहे असं कुणी समजू नये. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं कामही कृष्णधवलच आहे. ते एका दिवसात काढून नेलेले फोटो नाहीत. वर्षानुवर्षं त्या माणसांबरोबर राहून, त्यांच्या घरी जाऊन, गटारात उतरताना आणि उतरण्याआधी दारू पिताना, असे काढलेले आहेत. तिथे रंग असता तर घाणच आधी दिसली असती. करड्या रंगात आधी माणूस दिसतो, घाण नंतर. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कामगारांच्या हाती मात्र अजून पुरते हातमोजेही पडत नाहीत, तो वेगळ्या लेखाचा विषय.

बैठकीत निर्णय झाला नाही. चहा झाला, छपाईचा खर्च ठरला, फोटोचं पुढच्या वेळेवर टाकलं. घरी येऊन मी वहिनींना फोन केला. आता त्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे, कापूस आणि तूर स्वतः करतात, मुलगा आय.टी.आय.ला आहे. मी सगळं सांगितलं. फोटोखाली काय लिहिणार होते तेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

“ताई,” त्या म्हणाल्या, “त्यानं माह्यावर कधी हात नाही उगारला. कर्ज केलं, मले सांगितलं नाही, सोडून गेला, हे सारं खरं. पन मारलं नाही. मेलेल्या मानसाच्या अंगाले असं काऊन चिकटवता?”

हे मला सुचलंच नव्हतं. मी इतका वेळ वहिनींच्या अपमानाचा विचार करत होते. तसबिरीतल्या माणसाचा नाही.

मी माफी मागितली, आत्ताची आणि 2015 सालचीही. त्यांनी ती स्वीकारली की नाही, कळलं नाही. म्हणाल्या, “माराचं पोस्टर कराल तं तिथं मले नका लावू. जमिनीचं करा, मंग येतो मी.” दिराने जमीन बळकावणं, बाईला तिच्या हक्काच्या पैशापासून तोडणं, याला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक अत्याचार म्हटलं आहे, हे मी गटागटांत शिकवते. पण हिंसेच्या पंधरवड्याचं पोस्टर म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर फुटकी बांगडीच येते. त्यांच्या डोळ्यांसमोर सातबारा आला.

गेल्या रविवारी आम्ही तालुक्याच्या त्याच स्टुडिओत गेलो. मी बजावून ठेवलं होतं, रंगीत काढायचा, साडीचा रंग नीट आला पाहिजे. वहिनींनी मलाच उडवून लावलं. “काळा-पांढराच काढा. माह्या मायचा एकच फोटो हाय, यवतमाळच्या स्टुडिओतला, काळा-पांढरा. खुर्चीवर बसलेली, फुलदानीजवळ. तसा पायजे मले.” म्हणजे ज्या करड्या रंगाची मला इतकी चीड आली होती, तोच त्यांच्या घरात मानाचा रंग होता! मी गप्प बसले. खुर्ची आली, फुलदानी नव्हती म्हणून स्टुडिओवाल्याने प्लॅस्टिकचा गुच्छ ठेवला. नवऱ्याचा फोटो त्यांनी आणला नव्हता, सातबाऱ्याचा उतारा आणला होता, घडी घालून हातात. पदर खांद्यावर. साडी हिरवीच नेसली होती, फोटोत ती दिसणार नाही हे ठाऊक असून. सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हसल्या. स्टुडिओवाला सवयीने म्हणाला, “ताई, थोडं गंभीर...” त्यांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो मुकाट्याने बटण दाबत राहिला. अठरा फोटो काढले, त्यांतला एक त्यांनी निवडला. प्रत त्याच दिवशी हाती घेतली, पैसे मला देऊ दिले नाहीत.

पोस्टरवर ‘जमीन’ घ्यायचं, हे आमच्या बहुतेकजणींना पटलं आहे. ज्येष्ठ ताईंना हसरा फोटो पोस्टरवर ‘चढत नाही’ असं वाटतं, त्या अजून वाद घालताहेत. खाली नाव छापा, गाव छापा, असं वहिनी म्हणतात. मुलगा म्हणतो, नाव नको, काका पुन्हा काहीतरी करेल. दोघांचं त्यावरून रोज फोनवर वाजतं आहे आणि दोघंही मला मध्ये घेताहेत. छापखान्याने दहा तारखेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर नावाची जागा कोरी ठेवून बाकीचा मजकूर मी जुळवायला दिला आहे.